ढमालेचा दुसरा डोळा

गंगाराम सकपाळांनी तुर्भ्याच्या एका कारखान्यात एकतीस वर्षं स्टोअर सांभाळलं आणि त्या एकतीस वर्षांत स्टोअरमधला एक नटसुद्धा हरवला नाही. कोपरखैरण्याच्या शीतलधारा सोसायटीतल्या लहानथोरांना हे पाठ होतं, कारण सकपाळ ते भेटेल त्याला सांगत आणि न भेटणाऱ्याला गाठून सांगत. निवृत्त झाल्यावर त्यांनी घराचंच स्टोअर केलं. स्वयंपाकघरातल्या प्रत्येक डब्यावर चिठ्ठी लागली: आत काय आहे, कधी भरलं, किती उरलं. त्यांच्या बायकोने, चांगुणाबाईंनी, पहिल्याच आठवड्यात मिठाच्या डब्यात साखर भरली. तेव्हापासून चिठ्ठ्या आहेत, पण चहा करताना सगळे आधी चव घेऊन बघतात.

अशा माणसाला त्यांच्या मुलीने, रुतिकाने, सोमवारी सकाळी खांदेश्वरहून फोन केला. तिला सातवा महिना लागला होता. येत्या रविवारी ओटी भरायची आणि मग पहिल्या बाळंतपणाला इकडेच राहायचं, असं ठरलं होतं. आई काय काय करून ठेवू म्हणून विचारत होती, तर पोरीला साडी नको, लाडू नकोत. तिला तिचा ढमाले हवा होता.

ढमाले म्हणजे अस्वल. तपकिरी, केसाळ, साधारण भोपळ्याएवढं. ते घरी आलं त्याच आठवड्यात कारखान्यातले ढमालेसाहेब सकपाळांकडे जेवायला आले होते आणि जेवण झाल्यावर भिंतीला टेकून ज्या तऱ्हेने बसले, ते बघून चार वर्षांच्या रुतिकाने अस्वलाचं बारसं उरकून टाकलं. साहेबांच्या कानावर हे जाऊ नये म्हणून सकपाळांना पुढे नोकरी संपेपर्यंत सांभाळून राहावं लागलं.

"पप्पा, त्याचा डोळा तेवढा बसवा," रुतिका म्हणाली. "तुमी रविवारी बसवतो म्हणाला होतात."

ती सहज बोलली, पण सकपाळांना ते लागलं. कारण तो रविवार बावीस वर्षांपूर्वीचा होता. रुतिका सात वर्षांची असताना ढमालेचा डावा डोळा निखळला. दर शनिवारी ती अस्वल घेऊन यायची आणि दर शनिवारी सकपाळ म्हणायचे, उद्या रविवार आहे, उद्या बसवतो. पण त्यांचा रविवार त्यांचा नव्हताच. ते सोसायटीचे सेक्रेटरी होते. रविवारी आंघोळ झाली की इस्त्रीचा शर्ट घालायचा, खिशात सोसायटीचा गोल रबरी शिक्का टाकायचा आणि खाली उतरायचं. दुपारी जेवायला वर यायचं आणि जेवून झोपायचं. काही महिन्यांनी पोरगी विचारायची थांबली, आणि तेव्हा तर त्यांना बरंच वाटलं होतं.

"या रविवारी बसवलेला असेल," सकपाळ म्हणाले आणि फोन ठेवून त्यांनी ते डायरीत लिहिलं.

कोणतंही काम तपासणीशिवाय सुरू करायचं नाही, हा त्यांचा नियम. त्यांनी माळ्यावरून ढमालेला उतरवलं, टेबलावर वर्तमानपत्र पसरलं, चष्मा लावला आणि अहवाल लिहिला. डावा डोळा: नाही. उजवा कान: लोंबतो. अंग: मळकट. पाठ: एक जुनी शिवण, हिरवा दोरा. पोट: आत काहीतरी घट्ट लागते, बहुधा आवाजाचे मशीन, बंद. हे शेवटचं घरात फार पूर्वीच ठरलेलं होतं. आधी पोट दाबलं की ढमाले चीं करायचा, पुढे बंद पडला, तेव्हा जे घट्ट लागतंय ते मशीनच असणार.

चांगुणाबाईंनी अहवाल वाचायची तसदी घेतली नाही. तळमजल्यावर येसूबाईंकडे शिलाई मशीन आहे, हात चांगला आहे, तासाभरात करून देतील, एवढं सांगून त्या भाजी निवडायला बसल्या. सकपाळांनी ते ऐकलंच नाही. तळमजल्यावरचं काहीही ऐकू न येण्याचा त्यांना बावीस वर्षांचा सराव होता.

येसूबाईंचे यजमान तुळशीराम मढवी हे मूळचे इथलेच, बापजाद्यांची मिठागरं असलेले. एके काळी ते सोसायटीचे खजिनदार होते आणि सकपाळांचे जिवाभावाचे दोस्त. मग एक दिवस सोसायटीचा शिक्का नाहीसा झाला. सकपाळांनी घर उलटंपालटं केलं, रविवारमागून रविवार दारोदार फिरून चौकशी केली. शेवटी त्यांनी स्टोअरच्या पद्धतीने हिशेब मांडला: आपल्या हातून वस्तू हरवत नाही, शिक्का हरवला आहे, म्हणजे तो दुसऱ्याच्या हातून हरवला आहे. भरसभेत ते उभे राहून म्हणाले की शिक्का शेवटचा पाहिला तो मढवींच्या हातात. मढवींनी पेन खिशाला लावलं, राजीनामा दिला आणि जाताना एवढंच सांगितलं, "माफी मागायला येशील तवा लेखी घेऊन ये. शिक्का मारून." नवा शिक्का करायला पोलिसांत तक्रार, प्रतिज्ञापत्र आणि पेपरात जाहिरात, असे चार महिने गेले. तोवर सकपाळांचंही सेक्रेटरीपद गेलं. त्यानंतर मढवींना पाण्याच्या टाकीविषयी काही सांगायचं असलं तर ते जिन्याला उद्देशून सांगत आणि सकपाळ जिन्यालाच उत्तर देत. बायकांचं मात्र काही थांबलं नव्हतं. वरून भाकऱ्या खाली जात होत्या, खालून कोलंबीचं कालवण वर येत होतं आणि सकपाळ ते कुठून आलं हे न विचारता जेवत होते.

मंगळवारी धुण्याचा कार्यक्रम झाला. त्याआधी सकपाळांनी सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सल्ला मागितला, आणि हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. पहिल्या मजल्यावरच्या राजलक्ष्मी टीचरनी कोमट पाणी आणि शाम्पू सांगितला. दुसऱ्या मजल्यावरच्या प्रितमने, जो कुठल्याशा कंपनीत सेफ्टी ऑफिसर होता, आधी डोळ्यांवर गॉगल लावा असं सांगितलं; कोणाच्या, ते सांगितलं नाही. उज्वलाताईंनी अस्वल प्रेशर कुकरमध्ये एक शिट्टी काढून घ्यायला सांगितलं, त्यांच्या नणंदेने म्हणे केलं होतं. तिघांनी शुभ सकाळ पाठवलं. एकाने विचारलं की या ग्रुपवर पाण्याबद्दल कधी बोलायचं.

सकपाळांनी शाम्पू निवडला. ढमालेने बादलीभर पाणी पोटात घेतलं आणि त्याचं वजन एवढं वाढलं की जिना चढून गच्चीवर पोचेपर्यंत त्यांना दोनदा बसावं लागलं. गच्चीवर कपड्यांच्या दोरीला दोन चिमटे लावून त्यांनी त्याला कानांनी टांगलं. अहवालात उजवा कान लोंबतो असं त्यांनीच लिहिलं होतं, हे त्यांना संध्याकाळी आठवलं. तोवर कान चिमट्यातच राहिला होता आणि ढमाले एका कानावर लोंबत होता.

बुधवारी सकाळी ग्रुपवर एक फोटो आला. समोरच्या बिल्डिंगीतल्या कुणीतरी काढून पाठवलेला. खाली लिहिलं होतं की शीतलधाराच्या गच्चीवर कुत्रं फाशी दिलेलं दिसतंय, संबंधितांनी त्वरित दखल घ्यावी. प्राणीमित्रांचा फोन आला, वॉचमनने गच्चीला कुलूप लावलं आणि सोसायटीची सध्याची सेक्रेटरी नंदिनी ऑफिसला जायच्या घाईत असताना चौकशीला वर आली. ती वाशीच्या एका बँकेत होती आणि माणसांशी फार नीट बोलायची, त्यामुळे सकपाळांना तिच्यासमोर अधिकच शरमल्यासारखं झालं. मृत प्राणी नसून ते आपलं अस्वल आहे, असं त्यांनी लेखी दिलं, तेव्हा गच्चीची किल्ली मिळाली.

किल्ली देताना नंदिनी म्हणाली की रविवारी सकाळी अकराला वार्षिक सभा आहे आणि या वेळी काकांनीच अध्यक्षस्थान घ्यावं, जुन्या सेक्रेटरींपैकी तेच उरलेत. सकपाळांनी विचार करून सांगतो म्हटलं. विचार त्यांनी बावीस वर्षं केलेला होता. ज्या सभेतून आपल्याला मान खाली घालून उठावं लागलं, त्याच सभेत खुर्चीवर बसायचं, आणि तेही मढवी समोर बसलेले असताना. त्यांनी संध्याकाळी पांढरा शर्ट इस्त्रीला टाकला.

अस्वल खाली आणलं तर त्याच्या पोटावर जांभळा डाग पडला होता. धुवायच्या आधी डाग नव्हता, अहवालात तशी नोंद नव्हती. सकपाळांनी लिंबू चोळलं. डाग पसरला. मीठ चोळलं, ते साखर निघालं, आणि मुंग्या आल्या. ग्रुपवर परत विचारण्याचा धीर नव्हता, पण सल्ला हा न विचारताही चालत येतो. राजलक्ष्मी टीचर म्हणाल्या बुरशी असेल. प्रितम म्हणाला केमिकल रिॲक्शन आहे, लांब राहा. उज्वलाताईंनी नीट निरखून सांगितलं की हे जांभळाचं आहे, आतून फुटलंय, आणि मग कुकर घेतला असता तर ही वेळ आली नसती असं म्हणून त्या गेल्या.

गुरुवारी सकपाळ ढमालेला पिशवीत घालून बाजारात निघाले. पिशवीतून त्याचं डोकं बाहेर यायचं आणि साठीतला गृहस्थ एका डोळ्याचं, एका कानाचं अस्वल घेऊन हिंडतोय हे सगळं सेक्टर बघायचं. गादीवाल्याने पोट दाबून बघितलं आणि कापूस पिंजून देईन म्हणाला, पण निदान सिंगल गादी तरी आणा, एवढ्याशासाठी मशीन लावत नाही. ब्लाउज शिवणाऱ्या टेलरने माप घ्यायला टेप काढली, ढमालेची छाती मोजली आणि मग लग्नसराई आहे, महिन्याने या, असं सांगितलं. सोफा दुरुस्त करणारा फार उत्साही निघाला. त्याचं म्हणणं, हे केस काढून टाकू, वरून मरून रंगाचं रेक्झिन लावू, वीस वर्षं बघायला नको. शेवटी स्टेशनजवळच्या चांभारदादांनी कान लावून दिला. काळा मेणाचा दोरा, दुहेरी टाका, बूट फाटेल पण कान निघणार नाही असं काम. फक्त कान मागच्या बाजूला तोंड करून बसला. आता ढमालेला पाठीमागचं ऐकू येईल, असं चांभारदादा म्हणाले, आणि त्यात त्यांना काही वावगं वाटलं नाही.

शुक्रवारी सकपाळांनी स्वतः सुई हातात घेतली. डोळा म्हणून त्यांनी जुन्या कारखान्याच्या युनिफॉर्मचं काळं बटण काढून ठेवलं होतं. पण पोटाचा गोळा एका बाजूला सरकल्यामुळे ढमाले बसवला की पडायचा आणि सकपाळांच्या बोटात सुई घुसायची. तीन बोटांना पट्ट्या लागल्यावर चांगुणाबाईंनी सुई काढून घेतली. रुतिकाचा व्हिडिओ कॉल आला, ढमाले कसा आहे, दाखवा ना. सकपाळ म्हणाले, तो आंघोळीला गेलाय.

त्यानंतर ते बराच वेळ खिडकीशी उभे राहिले. एकतीस वर्षं स्टोअर सांभाळलेल्या माणसाला एक खेळणं सांभाळता येऊ नये, याचं त्यांना वाईट वाटत होतं. पण त्याहून वाईट हे वाटत होतं की रविवारी पोरगी येईल, ढमालेकडे बघेल आणि काही बोलणार नाही. ती लहानपणीही शेवटी काही बोलेनाशी झाली होती.

शनिवारी सकाळी दहा वाजता गंगाराम सकपाळ तीन मजले उतरले आणि त्यांनी मढवींच्या दाराची बेल वाजवली.

येसूबाईंनी दार उघडलं, पिशवीतलं डोकं बघितलं आणि या भाऊ, एवढंच म्हणून बाजूला झाल्या. तुळशीराम मढवी खुर्चीत पेपर वाचत होते. त्यांनी पेपर खाली केला नाही, फक्त तो जरा वर उचलला, त्यामुळे आता त्यांचं डोकंही दिसेना. येसूबाईंनी ढमालेला मशीनजवळच्या स्टुलावर पालथं घातलं आणि पाठीवर बोट फिरवलं.

"ही शिवन चांगुनेची हाय," त्या म्हणाल्या. "हिरवा दोरा. तवा आमी दोघींनी एकच रीळ आनला व्हता."

त्यांनी ब्लेडने टाके उसवले आणि आत हात घातला. ओला, जांभळा कापूस निघाला. आणखी कापूस निघाला. मग त्यांचा हात थांबला, आतच वळला आणि बाहेर आला तेव्हा त्यात लाकडी मुठीचा एक गोल रबरी शिक्का होता. पाण्याने मूठ फुगली होती, जुनी शाई सुटून सगळीकडे लागली होती. त्याच्यावर उलट्या अक्षरांत शीतलधारा सहकारी गृहनिर्माण संस्था, मर्यादित.

पंखा फिरत होता. पेपर हळूहळू खाली आला.

"येसू," तुळशीराम म्हणाले, "अजून हात घाल. माजी बावीस वर्सांची इज्जत बी तितंच असंल."

सकपाळांच्या डोक्यात जुनं यंत्र सुरू झालं होतं. शिवण चांगुणाची आहे, म्हणजे शिक्का शेवटचा... इथपर्यंत ते आले आणि दचकून थांबले. एकदा असाच हिशेब मांडून ते दोस्त गमावून बसले होते. आता बायको गमावली तर जेवायची पंचाईत.

"तुळशीराम, माझं चुकलं," ते म्हणाले. "बावीस वर्षं चुकत राहिलं."

"काखेत कलसा न गावाला वलसा," येसूबाई कापूस पिळत म्हणाल्या.

तुळशीरामनी शिक्का हातात घेतला, फिरवून बघितला. त्यांचे डोळे भरून आले होते, पण आवाज कडकच होता. "लेखी पायजे," ते म्हणाले. "मी तवाच सांगितलेलं."

सकपाळांनी तिथेच बसून अर्ज लिहिला. प्रति, श्री. तुळशीराम मढवी, माजी खजिनदार. विषय: चुकीच्या आरोपाबद्दल क्षमा मागणेबाबत. महोदय, उपरोक्त विषयास अनुसरून, आणि पुढे अर्धं पान. खाली सही केली, आणि शिक्का त्याच्या स्वतःच्या सुटलेल्या शाईने मारला. तो फुगल्यामुळे अक्षरं पसरली, पण गोल उमटला. तुळशीरामनी कागद दोनदा वाचला, घडी घालून वरच्या खिशात ठेवला आणि बायकोला चहा टाकायला सांगितलं. चहा पिताना त्यांनी सकपाळांना पाण्याच्या टाकीबद्दल बावीस वर्षांत जिन्याला सांगितलेलं सगळं परत एकदा सविस्तर सांगितलं.

येसूबाईंनी ढमालेत नवा कापूस भरला, पाठ शिवली, कान उसवून सरळ केला. पोटावरचा डाग काही जाईना, तेव्हा त्यांनी त्यावर आपल्या जुन्या लुगड्याच्या काठाचा एक पट्टा लावून दिला. डोळा त्या लावणार होत्या, पण सकपाळांनी बटण परत मागून घेतलं. हे आपल्याला करायचंय, असं ते म्हणाले.

चांगुणाबाईंना शिक्का दाखवला तेव्हा त्यांनी पाठ फाटली होती म्हणून मी शिवली, आत हात घालायला मी काय डॉक्टर आहे, असं विचारलं. मग आत घातला कोणी, याचं उत्तर त्या घरात रात्रीपर्यंत कोणालाच सापडलं नाही.

रविवारी दहाला रुतिका आली. ढमालेला बघून आधी हसली, मग त्याला पोटाशी धरलं आणि दाबलं. तिचा चेहरा बदलला.

"ह्याच्या पोटातलं कुठंय?" तिने विचारलं.

सकपाळांनी टेबलावरचा शिक्का दाखवला. तो वाळवून, पुसून, खाली चिठ्ठी लावून ठेवलेला होता. रुतिका हळूच पलंगावर बसली.

"मी विसरलेच होते पप्पा," ती म्हणाली. "मीच घातलेला. तुमी रविवारी तो खिशात टाकून खाली जायचात ना. मला वाटलं, तो नसला की तुमाला घरी बसावं लागेल. मग डोळा बसवाल." मग ती म्हणाली, "पण मग तुमी सगळे रविवार तोच शोधत फिरलात. मला सांगायची भीती वाटली."

चांगुणाबाई उगाच ओटीचं ताट सारखं करत राहिल्या. सकपाळ खुर्चीत बसले होते. अंगात इस्त्रीचा पांढरा शर्ट होता. एवढंसं पोर, आणि त्याला एवढंसंच हवं होतं, आणि ते आपल्या पोटात ठेवून ते अस्वल बावीस वर्षं माळ्यावर बसलं, हे त्यांना सहन होईना.

तेवढ्यात बेल वाजली. दारात नंदिनी होती, मागे तुळशीराम. अकरा वाजत आलेत, खुर्च्या मांडल्यात, अध्यक्षांशिवाय सभा सुरू कशी करायची, असं ती विचारत होती.

सकपाळ उठले. त्यांनी टेबलावरचा शिक्का उचलला, आणि रुतिकाने मान खाली घातली. सकपाळ दारापर्यंत गेले आणि त्यांनी तो शिक्का तुळशीरामच्या हातात दिला.

"अध्यक्ष हे आहेत," ते नंदिनीला म्हणाले. "मला आज काम आहे."

मग ते परत आले, पलंगावर लेकीशेजारी बसले आणि सुई मागितली. दोरा रुतिकाने ओवून दिला, कारण त्यांना भोक दिसत नव्हतं. युनिफॉर्मचं बटण ढमालेच्या चेहऱ्यावर टेकवून त्यांनी टाका घातला. बोटाला आणखी दोनदा सुई लागली. खालून सभेचा आवाज येत होता, तुळशीराम टाकीबद्दल बोलत होते. अर्ध्या तासाने सकपाळांनी दोरा दाताने तोडला आणि ढमालेला समोर धरलं. डोळा बसला होता, पण तिरका. एक डोळा समोर बघत होता आणि दुसरा भलतीकडेच, दाराच्या दिशेने.

"वाकडा झाला," ते ओशाळून म्हणाले. "उसवून परत घालतो."

रुतिकाने ढमालेला त्यांच्या हातातून काढून घेतलं.

"असू द्या," ती म्हणाली. "तुमी उठून जाताय का ते बघायला एक डोळा तिकडेच पायजे."

सकपाळांनी सुई डबीत ठेवली, डबीवर चिठ्ठी लावली आणि त्या रविवारी ते कुठेच गेले नाहीत.